न चाखलेला रस

आबांनी प्याला एका घोटात संपवला आणि दोन्ही हातांनी गळा धरून ते वेदीसमोर खाली बसले. मला आधी वाटलं, प्रार्थनेला बसले. मग ते खोकले. तोंडातून फेस आला, ओठ सुजायला लागले, आणि डोळे मला शोधत होते. पाळकसाहेबांच्या हातात प्याल्यांचं तबक होतं. ते त्यांनी मेजावर आपटलं आणि पहिल्या रांगेला ओरडून सांगितलं, कुणी पिऊ नका.

मी उठले. नवऱ्याकडे जायच्या आधी मी मागे वळले आणि दाराशी उभ्या असलेल्या बाईकडे बोट केलं.

"हिने घातलंय काहीतरी. हिलाच विचारा."

भरल्या देवळात बोलले. सगळ्यांनी ऐकलं. तिनेही ऐकलं. ती पळत पुढे आली, आबांच्या बगलेत हात घातला आणि दोघातिघांच्या मदतीने त्यांना बाहेर रिक्षात बसवलं. मी तिचा हात झटकायला गेले, पण तेवढा वेळ नव्हता.

आबा म्हणजे माझा नवरा. सगळी मंडळी त्यांना आबा म्हणते, म्हणून इथे मीही तेच लिहिते. शहाडच्या कारखान्यात त्यांची नोकरी झाली, आणि कल्याणच्या आमच्या देवळात ते कारभाऱ्यांमधले सगळ्यांत वयस्कर. आम्ही जुनी नगरकडची ख्रिस्ती माणसं, चर्चला देऊळच म्हणतो. आमच्याकडे रीत अशी की महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं आणि पहिला प्याला सगळ्यांत वयस्कर कारभाऱ्याचा. मग बाकीच्यांचा, आणि पाळकाचा शेवटी. त्या दिवशी पहिल्या प्याल्यापुढे काही गेलंच नाही.

दाराशी उभी होती ती देवळाची झाडलोट करणारी बाई. देवळाच्या मागे एक खोली आहे, पत्र्याची. तिथे ती आणि तिची शाळेत जाणारी मुलगी राहतात. पाच वर्षांपूर्वी जालन्याकडून आली, तिकडच्या पाळकाची चिठ्ठी घेऊन. मी ती चिठ्ठी मागून वाचली होती. चौथी शिकलेय, चिठ्ठी वाचता येते. चिठ्ठीत लिहिलं होतं, विश्वासू आहे. मला वाटलं, विश्वासू माणसाला चिठ्ठी कशाला लागते. नवऱ्याबद्दल ती एकदा म्हणाली सोडून गेला, एकदा म्हणाली वारला. मी दोन्ही लक्षात ठेवलं. मेजावरचा पांढरा कपडा ती धुऊन इस्त्री करून ठेवायची. मी तो घरी आणून परत धुवायची. का, ते मी स्वतःला कधी विचारलं नाही.

आता रसाचं सांगते. प्रभुभोजनाचा द्राक्षारस आमच्याकडे विकत आणत नाहीत. तो माझ्या सासूने वर्षानुवर्षं केला, तिच्यामागे मी. काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजत घालायच्या, शनिवारी उकळायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या, आणि गरम असतानाच चमचाभर लिंबूसत्व घालायचं, म्हणजे रंग उजळतो आणि रस मिळमिळीत लागत नाही. सासूने एक गोष्ट बजावून ठेवली होती. प्रभूच्या मेजावर जायचं ते आपण आधी चाखायचं नाही. सासू जन्माने ख्रिस्ती नव्हती. तिच्या माहेरी नैवेद्य चाखत नसत. बाप्तिस्मा झाला, देव बदलला, ही सवय तेवढी राहिली, आणि तिच्याकडून माझ्याकडे आली. मागे एकदा पाळकसाहेब म्हणाले होते, बाई, अशी काही आज्ञा शास्त्रात नाही, चाखत जा. मी मनात म्हटलं, कालचा पाळक हा.

त्या शनिवारी दुपारी ती बाई आमच्या कोपरच्या घरी आली, दर महिन्यासारखी, बाटली न्यायला. बाटली तिने खिडकीतल्या उजेडात धरली.

"मावशी, रस ह्या वेळी वेगळा दिसतोय. काळपट, शेवाळल्यासारखा."

"मनुका काळ्या. मग रस पांढरा दिसणार आहे?"

"वासही नाही नेहमीचा. एक थेंब चाखून बघू का?"

"खबरदार. प्रभूच्या मेजावरचं उष्टं करशील?"

तिने बाटली पिशवीत ठेवली आणि गेली. मी खिडकीतून बघत राहिले, वाटेत उघडते की काय म्हणून.

कल्याणच्या ज्या इस्पितळात आबांना नेलं, तिथल्या डॉक्टरांनी बाटली मागवून घेतली. पाळकसाहेब स्वतः घेऊन आले. डॉक्टरांनी वास घेतला, त्यात कसलीशी कागदाची पट्टी बुडवली आणि म्हणाले, तुंबलेली मोरी साफ करायला जे वापरतात, ते आहे ह्यात. घसा भाजलाय, आणि थोडं श्वासनळीत गेलंय, धोका त्याचा आहे. वय बघता काही सांगता येत नाही.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, देवळाच्या मोऱ्यांसाठी ती बाई तसलंच वापरते. आणलेलं आहे कोठीत.

मी म्हटलं, बघा.

संध्याकाळी मी कपडे आणायला घरी आले. ओट्यावरच्या फळीवर कॉफीच्या दोन जुन्या बाटल्या होत्या, सारख्या. एकीत लिंबूसत्व होतं. दुसरीत मोरीचं. ते न्हाणीघरात ठेवलं की ओल लागून त्याला पाणी सुटतं, म्हणून महिन्यापूर्वी मीच ते घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून वर ठेवलं होतं. दोन्ही बाटल्यांत पांढरे दाणे. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नौपाड्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी वर्षभर आधी सांगितलं होतं, आजी, ऑपरेशन करून घ्या. मला वाटलं, ह्यांना ऑपरेशनं करायचीच असतात. दोघातिघांना विचारून बघू, मग ठरवू. मी कुणालाच विचारलं नव्हतं.

लिंबूसत्वाच्या बाटलीचं झाकण उघडलं. मनुका आणल्या त्याच दिवशी ती काठोकाठ भरली होती. अजून काठोकाठ होती.

दुसरीत चमचा उभा होता.

गाळलेला रस फेसाळला होता, तेही तेव्हा आठवलं. मी समजले, मनुका ताज्या आहेत.

मी दोन्ही बाटल्यांची झाकणं लावली, कपडे पिशवीत भरले आणि परत इस्पितळात गेले. कुणाला काही सांगितलं नाही. हे लिहायला सोपं नाही, पण लिहायचं तर हेच लिहायचं आहे. नवरा नळ्या लावून पडला होता आणि मी बाकावर बसून विचार करत होते की कुणाला कळलंय का.

सोमवारी हवालदार आला. इस्पितळानेच कळवलं होतं. पाळकसाहेबांनी मंडळीतर्फे लिहून दिलं की चुकून झालं, कुणावर संशय नाही. कुणाच्या चुकीने, ते कागदावर नव्हतं. मला हवालदाराने विचारलं, आजी, तुमचं काही म्हणणं? मी म्हटलं, पाळकसाहेबांनी लिहिलंय तेच. पाळकसाहेबांनी जाताना मला सांगितलं, काळजी करू नका, शनिवारी कमिटी बसवली आहे. निष्काळजीपणा तिचा आहे, तिला खोली रिकामी करायला सांगू. मी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. म्हाताऱ्या माणसाची मान हलते, तिचा अर्थ समोरच्याने त्याला हवा तो काढायचा असतो.

ती बाई रोज येत होती. दुपारची साफसफाई उरकली की डबा घेऊन यायची. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, कधी मुगाची आमटी. पहिल्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. वॉर्डातल्या आयाला दिला. दुसऱ्या दिवशीही. मला वाटलं, हिला काय हवंय. बाहेर पडायची वेळ आली की माणसं गोड होतात, मी पाहिलेलं आहे. मग वाटलं, हिला माहीत आहे आणि ही मला ते दाखवतेय. रोज एक डबा, म्हणजे रोज एकदा आठवण. आणखी वाईट विचारही आले. डब्यात काही असेल तर, हा विचारही आला. ज्या बाईने स्वतःच्या हाताने नवऱ्याच्या प्याल्यात विष घातलं, तिला दुसऱ्याच्या भाकरीचा संशय. तेव्हा ह्यात हसण्यासारखं काही आहे हे कळलं नाही. आता कळतं, पण हसू येत नाही.

बुधवारी मी तिला बाकावर बसवलं.

"तू रोज का येतेस?"

"डबा द्यायला."

"मी मागितला होता?"

"नाही. बाहेरचं खाल्लेलं तुम्हाला बाधतं. नाताळच्या वेळी बाधलं होतं."

"शनिवारी रस बघून मला जे म्हणालीस, ते कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"का?"

ती डब्याच्या पिशवीची गाठ सोडत होती. ती सुटेना. तिने दाताने सोडली.

"आबा आत तसे पडलेत. तुमच्यावर एका वेळी किती टाकायचं?"

"म्हणजे तुला कळलं होतं."

"डॉक्टरांनी मोरीचं म्हटल्यावर कळलं. तुमच्या फळीवरच्या दोन बाटल्या मी बघितल्यात ना."

"आणि खोली? शनिवारी तुला खोली सोडायला सांगणार आहेत."

"सांगितलंय मला पाळकसाहेबांनी. मी खोली सोडणार नाही, मावशी. पोरीची शाळा आहे. शनिवारपर्यंत तुम्ही बोलाल म्हणून थांबलेय. नाही बोललात तर मी बोलणार."

"तुझं कोण ऐकेल?"

"नाही ऐकणार कोणी. बोलणार मी तरी." मग डबा माझ्याकडे सरकवून म्हणाली, "मी चाखायला पाहिजे होता. तुमचं ऐकायला नको होतं."

ती उठून गेली. त्या दिवशी मी भाकरी खाल्ली. पोट भरलं, पण मन साफ झालं म्हणावं तर तसं काही नाही. ती दया होती की मुदत होती, ह्याचा मी दोन दिवस विचार करत राहिले. मला वाटतं दोन्ही होतं. दया करणाऱ्याने स्वतःची खोली सोडून द्यावी असं कुठे लिहिलंय? आपल्यालाच तसं वाटतं, कारण दया आपल्याला हवी असते आणि खोली दुसऱ्याची असते.

गुरुवारी आबांची नळी काढली. बोलता येत नव्हतं. पाटी दिली तर त्यांनी लिहिलं, बाकीच्यांचं काय. मी सांगितलं, कुणी प्यालं नाही. त्यांनी डोळे मिटले. त्यांना मी तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते की धक्का देऊ नका, आणि ते मला बरं सापडलं.

शनिवारी सकाळी मी आबांजवळ मंडळीतल्या एका बाईला बसवून रिक्षाने देवळात गेले. कमिटीचे सात जण मागच्या हॉलमध्ये बसले होते, चहा आला होता. ती बाई दाराजवळ उभी होती. तिला खुर्ची दिलेली नव्हती. मी कॉफीच्या दोन्ही बाटल्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या.

म्हटलं, ही लिंबूसत्वाची, ही मोरीची. रस मी केला. मोरीचं मी घातलं. मला दिसत नाही. हिने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं की रस बरोबर नाही. हिने चाखते म्हटलं, मी चाखू दिला नाही. मला रविवारपासून माहीत आहे. आज शनिवार.

एक कारभारी, आबांच्या बरोबरचे, म्हणाले, बाई, वयाने होतं असं. तुमचा हेतू वाईट नव्हता. दुसरे म्हणाले, प्रभू क्षमा करणारा आहे. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, आपण प्रार्थना करू. सगळ्यांनी मान खाली घातली.

चहा निवायच्या आत मला माफी मिळाली. इतकी सवंग माफी मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि मला तिचाच संशय आला. मी मान खाली घातली नाही. मी म्हटलं, थांबा.

"हिच्या हातून झालं असतं तर खोली रिकामी. माझ्या हातून झालं तर प्रार्थना. चूक एकच आहे ना?"

पाळकसाहेब म्हणाले, बाई, आता तो विषय संपला, ती राहील तिथेच. आणि तिच्याकडे बघून म्हणाले, तू जा आता, काही नाही. ती गेली. तिला कुणी काही म्हटलं नाही. चुकलं आमचं, एवढे दोन शब्दसुद्धा नाहीत. मीही नाही म्हटले. बाहेर गेले तर ती हॉलच्या मागे बादली भरत होती. मी तिथे उभी राहिले. म्हटलं, उद्या उपासनेत बोलेन. ती म्हणाली, बोला. नळ बंद केला आणि बादली घेऊन गेली.

रविवारी मी जिथून बोट दाखवलं होतं तिथेच उभी राहिले. पाळकसाहेबांनी आधी सांगितलं होतं की गरज नाही, लोकांना कळलंय. मी म्हटलं, बोट लोकांनी पाहिलं, आता हेही पाहू देत. तीन वाक्यं बोलले. रसात चूक माझी होती. ह्या बाईने मला आधी सांगितलं होतं. मी सगळ्यांसमोर हिच्यावर खोटा आळ घेतला, मला माफ कर. शेवटचं तिच्याकडे बघून बोलले. ती खिडक्या उघडत होती, पंखे बंद पडले होते. तिने मान हलवली आणि पुढची खिडकी उघडली.

त्यानंतर दोन-तीन बायका मला मिठी मारायला आल्या. फार मोठ्या मनाच्या आहात म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, तिच्याकडे जा. एक गेली. बाकीच्या चपला शोधायला लागल्या.

आबांना मी ते घरी आल्यावर सांगितलं. घसा बरा नव्हता, बोलायचे ते घोगरं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सासूचं ऐकलंस तेवढं माझं कधी ऐकलं असतंस तर." एवढंच. पुढे आठवडाभर मी केलेला चहा ते आधी हुंगायचे, मला दिसेल असा. मी हुंगू द्यायची. त्यांचा हक्क होता.

नौपाड्यात जाऊन दोन्ही डोळ्यांचं करून घेतलं. डॉक्टर खरं बोलत होते. घरी आले तर ओट्याच्या कोपऱ्यात केवढा मेणचटपणा दिसला, तो इतकी वर्षं मला दिसला नव्हता.

रस मी अजून करते. पाळकसाहेब म्हणाले, बाजारातला आणू. मी म्हटलं, त्यात कुणी काय घातलं ते तुम्हाला कुठे माहीत. ती बाई आता शनिवारी लवकर येते. मनुका ती निवडते, उकळायचं मी बघते. गाळून झाला की दोन वाट्या काढायच्या, एक तिची, एक माझी. आधी ती चाखते की मी, ह्यावर दर वेळी आमचं वाजतं. ती म्हणते, मावशी, तुमच्या वयाला काही झालं तर मला परत बोट दाखवतील. मी म्हणते, तुला काही झालं तर पोरीचं कोण करेल. मग दोघी एकदम पितो, एकमेकींकडे बघत. मोरीचं आता घरात ठेवत नाही. मोरी तुंबली तर तुंबू दे.

आमच्या महिला मंडळाने मला सांगितलं, दयेवर आणि आत्मिक वाढीवर तुमची साक्ष लिहून द्या, फार चांगली आहे. मला साक्षींचा नेहमीच संशय येतो. साक्षीत माणूस आधी वाईट असतो आणि शेवटी चांगला होतो, आणि मधलं सगळं प्रभूने केलेलं असतं. माझं तसं नाही झालं. दाराचं कुलूप मी अजून दोनदा ओढून बघते. नवं कुणी मंडळीत आलं की अजून मनात येतं, हा कशाला आला असेल. मेजावरचा कपडा मात्र मी घरी आणून परत धुवायचं सोडलं. वाढ म्हणायची तर ही एवढी, एका कपड्याएवढी. तिने नवऱ्याबद्दल दोन गोष्टी का सांगितल्या, तेही मी विचारलेलं नाही. विचारावंसं वाटतं. पण त्या सहा दिवसांत मी किती गोष्टी सांगितल्या आणि किती गिळल्या, ते तिने मला विचारलेलं नाही.

आणि तिने मला खरंच माफ केलं का, हे मला अजून माहीत नाही. तिने तसं म्हटलेलं नाही. डबा आणला, मुदत दिली, मान हलवली. कमिटीच्या प्रार्थनेपेक्षा मी त्याच्यावर जास्त भरवसा ठेवते, कारण त्यात तिने काही फुकट दिलं नाही.

तो रस एकच माणूस प्यायला. माझा नवरा. ते वाचले. ती अजून त्याच खोलीत राहते.